कोरड्या विहिरी, उजवा गाल

माझ्या उजव्या गालावर, डोळ्याच्या खालपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरत गेलेली एक फिकट रेघ आहे. नव्या माणसाला ती दिसते, पण काय आहे ते कळत नाही. बायकांना ती खळी वाटते. एकदा एका फोटोग्राफरने "मॅडम, गालाला केस चिकटलाय," म्हणून हात पुढे केला होता. मी सरळ सांगते, कुत्र्याचा दात आहे तो. समोरचा माणूस चपापतो आणि मला त्याचं चपापणं आवडतं, खोटं कशाला बोलू? मग लोक हळहळतात, कुत्रं कसलं होतं, किती सुया घेतल्या, ते विचारतात. एवढी मोठी जखम इतकी बारीक कशी झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर सांगण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून या प्रकरणात दुसरं काही सांगणार नाही.

त्या दिवसांत आमचा जिल्हा बदलला होता. म्हणजे आम्ही होतो तिथेच होतो, नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूरच्या जवळच्या त्याच खेड्यात; पण उस्मानाबाद सुटलं आणि लातूर लागलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी निजामाचं राज्य जाताना पाहिलेलं, त्यांना पाट्या बदलण्याचं कौतुक नव्हतं. आमच्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर बसून ते आप्पांना विचारायचे, "जिल्हा झाला, लई बरं झालं. पानी कवा व्हनार?" आप्पा म्हणजे माझे वडील. भांडण नको म्हणून ते कुणालाच कधी नाही म्हणत नसत, तेव्हा याही प्रश्नाला ते मान हलवून "व्हईल, व्हईल" म्हणायचे. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. आप्पांची लिंगपूजा पळीभर पाण्यावर आली होती. ताटं राखेने घासून फडक्याने पुसायची, अंघोळ घमेल्यात उभं राहून करायची आणि घमेल्यातलं पाणी दारातल्या कडुनिंबाला घालायचं. जेवायला रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कारण पातळ कालवण केलं की एक भांडं जास्त निघतं. अजूनही चांगलं चारीठाव ताट समोर आलं की मला आधी घासायची भांडी दिसतात. मुलं हसतात. हसू देत.

घरात कर्त्या बायका दोन. एक माझी माय, नांदेडची. गोदावरीच्या काठी वाढलेली, त्यामुळे पाणी मोजून वापरायचं तिला जिवावर यायचं आणि दुसरी तिला त्यावरून टोचायची. ही दुसरी म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आमची आत्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून भावाच्या घरी. दुकानाच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या आणि घरात शब्दही तिचाच चालायचा. "तुमच्या नांदेडात घागरीनं पाय धुत असतेत," ती मायला म्हणायची, "हितं तांब्यात भागवायचं." माय कधीही उलटून बोलली नव्हती. माझ्यावर दोघींचा जीव, पण लाड आत्याच्या वाट्याचे आणि धपाटे मायच्या, अशी सरळ वाटणी होती.

टँकर आला की आधी त्याचा हॉर्न ऐकू यायचा आणि त्याच्या पाठोपाठ सगळ्या गल्लीतून घागरी, कळशा, पत्र्याचे डबे आपटत निघाल्याचा आवाज. बायका पाइपाशी झुंबड करायच्या. आम्हा पोरींचं काम टँकरच्या बुडाशी गळणारं पाणी डब्यात धरायचं. त्या दिवशी मी चाकाजवळ उकिडवी बसून डबा पुढे सरकवला, तर तिथे आधीच लाल्या जिभेने जमीन चाटत होता. लाल्या गल्लीतलंच कुत्रं, माझ्या हातची भाकरी खाणारं. त्याच्या तोंडापुढचं पाणी मी ओढलं. तो गुरगुरला तेही मला कळलं नाही, एवढी माझी नजर त्या थेंबांवर होती. पुढचं आठवतं ते गालाला बसलेला हिसका, आणि मग गळ्यावरून ओघळणारं काहीतरी गरम. लाल्या शेताकडे पळाला तो पुन्हा गावात आलाच नाही. तो पिसाळलेला होता की नुसता तहानलेला, हे त्यामुळे कुणालाच कळायचा मार्ग उरला नाही. मला स्वतःला तो तहानलेला होता असंच वाटतं.

माझी किंकाळी ऐकून आत्या दुकानातून धावली. आमच्याकडे तेव्हा कुत्रं चावलं की दोन गोष्टी करायच्या. पहिली, जखमेत तिखट भरायचं. आग आग झाली की विष मेलं. आत्याने तिखटाच्या पोत्यातून मूठ भरून आणली आणि माझ्या गालावर दाबली. ती दुष्ट नव्हती हो. तिचं तोंडाने सारखं "महादेवा, महादेवा" चाललं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे सात विहिरींत डोकवायचं. पाण्यात आपलंच तोंड दिसलं तर धोका टळला, कुत्र्याचं दिसलं तर विष चढलं. माय पाइपाशी होती, गर्दीत तिला काही समजायच्या आत आत्याने मला आप्पांच्या सायकलवर बसवलं, आणि पुढे आप्पा सायकल ढकलतायत, मागून आत्या पळतेय, अशी आमची वरात विहिरींच्या शोधात निघाली.

पहिली विहीर कोरडी. दुसरीच्या तळाला फुटकी बादली. तिसरीत चिखल, त्यावर भेगा. आत्या माझी मान धरून मला वाकवायची, "दिसलं का गं? काय दिसलं?" डोळ्यांत तिखट उतरलेलं, मला साक्षात सूर्य दिसत नव्हता तिथे तोंड कुठलं दिसणार! त्या शेताचा म्हातारा मालक बांधावरून बघत होता. तो म्हणाला, "माय, तोंड दिसाया पानी लागतंय."

आत्या थांबली. "निस्तं डोकवलं तर चालतंय का न्हाई?"

"अक्का, पानीच न्हाई तर काय दिसनार?" आप्पा म्हणाले. आप्पांनी बहिणीला प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

चौथी विहीर कुठली घ्यायची यावर दोघांचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात बांधावरून माय येताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, कमरेवर टँकरची भरलेली घागर. एवढ्या लांब ती घागर घेऊन का आली, हे मी तिला पुढे किती तरी वेळा विचारलं. "काय ठावं बाई," ती म्हणायची, "तुझं रडनं ऐकलं आन् घागर ठेवायचीच राहिली." आल्या आल्या तिने मला सायकलवरून उतरवलं, बांधावर बसवलं आणि घागर माझ्या गालावर वाकडी केली. घरचं दोन दिवसांचं प्यायचं पाणी होतं ते. आत्या ओरडली, "अगं, प्यायचं पानी हाय ते! येडी झालीस का?"

"पोर राहिली तर पानी पील, वन्सं," माय म्हणाली. आवाज चढवला नाही. घागर रिकामी होईपर्यंत तिने हात मात्र थांबवला नाही. मग ती आप्पांकडे वळली, "विहिरी राहू द्या. दवाखान्यात चला."

"नांदेडला का लातूरला?" आप्पांनी विचारलं. नांदेडला मायचं माहेर होतं, भाऊ होते, नदी होती.

"जी गाडी आधी येईल ती."

फाट्यावर आधी लातूरची एसटी आली. आजही एखादा माणूस 'इकडे जाऊ की तिकडे' करत बसला की मला मायचं ते वाक्य आठवतं. आयुष्यभर गप्प बसलेल्या बाईने योग्य वेळी तोंड उघडलं म्हणजे काय होतं, ते मी त्या बांधावर बसून, नाका-डोळ्यांतून पाणी गळत असताना पाहिलं.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला जी डॉक्टरीणबाई भेटली ती वयाने लहान, अंगाने किडकिडीत आणि बोलायला कडक. सोलापूरकडची असावी. तिने माझा गाल उजेडाकडे वळवून पाहिला. "तिखट कोणी भरलं?"

"घरच्यांनी," माय म्हणाली. आत्याचं नाव तिने घेतलं नाही, तिथेही नाही आणि पुढेही कधी नाही.

"अजून आत आहे. आधी साबण आणि पाणी. पुष्कळ पाणी लागेल, वाहतं." बाईने नळ सोडला. नळ खोकला, त्यातून हवा आली आणि तो बंद पडला. जिल्हा नवा असला तरी दुष्काळ तोच होता. बाई बाहेर आली आणि ओसरीत बसलेल्या माणसांना म्हणाली, "या मुलीची जखम धुवायची आहे. पाणी आहे का कुणाकडे?" एवढंच. दुसरं काही समजावलं नाही, हात जोडले नाहीत. लेकरू कडेवर घेतलेल्या एका बाईने आपला स्टीलचा डबा पुढे केला, "घ्या बाई, आमी पिऊ मागनं." मग कुणी तांब्या, कुणी बाटली, एका म्हाताऱ्याने भोपळ्याचा तुंबा. लांबच्या गावांहून बरोबर बांधून आणलेलं, घोटाघोटाने पुरवायचं पाणी होतं ते. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. बाई साबण लावत होती, माय धार धरत होती आणि मी आकाशपाताळ एक करत होते. धुऊन झाल्यावर बाईने जखमेभोवती सुई टोचली आणि जखम तशीच उघडी ठेवली. "टाके आज घालायचे नाहीत. आत काही कोंडलं तर वाईट." मायला ते पटलं नव्हतं, पण जिने परक्यांच्या पाण्याने लेक धुतली तिच्यावर विश्वास ठेवायचा, असं तिने मनाशी ठरवलं असावं.

मग पोटातल्या सुया. रोज एक, बेंबीच्या भोवती. आजच्या मुलांना दंडावर चार-दोन सुयांत मोकळं करतात आणि तरी ती आईस्क्रीम मागतात! आम्ही दोघी दालमिलच्या मागे राहणाऱ्या मायच्या चुलतभावाच्या खोलीत राहिलो. मिलची घरघर दिवसभर चालायची, सगळ्या खोलीला तुरीच्या टरफलांचा वास. मामींनी आम्हाला एकदाही 'किती दिवस' असं विचारलं नाही, त्यांच्या वाट्याच्या घागरीत आमचंही भागवलं. दवाखान्यात माझ्यासारखी बरीच पोरं यायची. उपाशी कुत्री त्या उन्हाळ्यात माणसांत शिरली होती. पोट धरून बाकावर बसलेली आमची पंगत पाहून बाई म्हणायची, "चला, कोण आधी ओरडणार?" मग हट्टाने कुणीच ओरडायचं नाही. जखम भरायला अंडी द्या, असं तिने सांगितलं, तेव्हा माय कानकोंडी झाली. "आमी लिंगायत हाव, बाई. ते सोडून दुसरं सांगा." बाईने हसून शेंगदाणे, डाळ, दूध सांगितलं. आत्याने तिकडून निरोप धाडला होता की कुत्रं चावलेल्याला डाळ वर्ज्य. मायने निरोप ऐकून घेतला आणि मला डाळीची दुसरी वाटी वाढली.

गालावर खपली धरली, पडली, खाली गुलाबी कातडी आली. आम्हाला वाटलं, संपलं. आप्पा गावाहून पेढे घेऊन आले. बाईने पेढा घेतला, खाल्ला आणि मला म्हणाली, "डोळे मीट." मी मिटले. "उजवा नीट मीट." मी मिटलाच होता. मिटला होता असं मला वाटत होतं. पण खालच्या पापणीखालची फट तशीच होती, बोटाच्या नखाएवढी, आणि त्यातून पाणी गळत होतं. मायने ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. बाईने न लपवता सांगितलं. नवी कातडी आखडते, ती पापणीला खाली ओढतेय. अशीच आखडत राहिली तर डोळा उघडा राहील, सुकेल, नजरेलाही धोका. मग पुण्या-मुंबईला नेऊन मांडीची कातडी गालाला लावायची. "पण त्याआधी एक करून बघू. रोज चोळायचं. महिनोन्महिने. एक दिवस चुकवायचा नाही. उन्हात तोंड झाकायचं, नाहीतर डाग काळा होईल."

चोळायचं म्हणजे किती जोराने, हे मायला सांगून कळेना. तेव्हा बाईने मायच्याच गालावर अंगठा ठेवला आणि दाबून, गोल फिरवत, डोळ्याकडे वर सरकवला. "एवढं. याहून कमी नाही. ती रडली तरी कमी नाही." मायचे डोळे पाण्याने भरले ते त्या दाबाने की कशाने, कुणास ठाऊक. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गावी परतलो.

गावी आल्यावर माझा छळ सुरू झाला. खोबरेल तेलाची वाटी उन्हात ठेवलेली असायची. टँकरचं पाणी भरून झालं की मायच्या हाका सुरू. मी दुकानातल्या पोत्यांच्या मागे लपायची, कडुनिंबावर चढायची. माय शोधून काढायची, माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि अंगठा लावायची. कातडी ताणली की गालात निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. मी तिला चावले आहे, शिव्या दिल्या आहेत. ती लहानपणी मठात ऐकलेली कन्नड गाणी तोंडातल्या तोंडात म्हणत राहायची आणि तिचा अंगठा काही थांबायचा नाही. त्यातही पोरांनी मला 'उघड्या डोळ्याची' म्हणायला सुरुवात केली होती. उन्हासाठी दिलेली ओढणी मी सावलीतही, घरातही, जेवतानाही तोंडावरून काढेनाशी झाले. "उनासाठी हाय ती, मानसांसाठी न्हाई," माय सांगायची. पण ह्या एका बाबतीत मी तिचं काही ऐकत नव्हते.

आत्या तेवढा वेळ पाठ करून, तांदूळ निवडत बसायची. ताटातला तांदूळ कधीचा निवडून झालेला असायचा. एक दिवस मायला ताप आला. माय उठू शकत नव्हती आणि तिने हाक मारली ती मला नाही, आत्याला. "वन्सं, आज तुमी."

आत्या म्हणाली, "मला न्हाई येत."

"या हितं." मायने अंथरुणात बसूनच हात लांब केला आणि थोरल्या नणंदेच्या गालावर अंगठा ठेवून दाबला. गोल फिरवून वर सरकवला. आमच्या घरात भावजयीने नणंदेच्या अंगाला हात लावायची पद्धत नव्हती, गालाला तर नाहीच. आत्याने गाल मागे घेतला नाही. तिच्या सुरकुतलेल्या गालावर मायचं बोट उमटलं. "एवढं जोरानं?" तिने विचारलं.

"हाव, एवढंच. रडली तरी."

आत्या माझ्याजवळ आली तेव्हा मी पळाले नाही. का, ते आता सांगता येत नाही. बहुतेक तिचं तोंड पाहून. "गिरजे," ती म्हणाली, "माह्या हातानं तिखट भरलं. माह्याच हातानं निघू दे." त्या दिवसापासून सकाळी माय आणि संध्याकाळी आत्या, असं दोनदा सुरू झालं. आत्याचा हात मायपेक्षा जड होता. दोघी एकमेकींशी माझ्या गालाबद्दल दोन आडत्यांनी मालाबद्दल बोलावं तसं बोलायच्या: आज मऊ हाय, काल इथं गाठ लागत होती, डोळ्याखाली अजून ओढ हाय. पुढे गावात कुणाला कुत्रं चावलं की आत्या साबणाची वडी घेऊन सगळ्यांच्या आधी पोहोचायची आणि तिखट घेऊन येणाऱ्या बाईचा हात धरायची. मी पुढे नोकरीत मोठमोठी शिकलेली माणसं पाहिली, पण आपलं चुकलं असं ठरवून एवढ्या झटक्यात उलट्या दिशेने चालायला लागलेलं माणूस दुसरं पाहिलं नाही.

पापणी केव्हा वर आली ते मला सांगता येणार नाही. ते एका दिवसात झालंच नाही. आम्ही अधूनमधून लातूरला जायचो, बाई "मीट" म्हणायची, मी मिटायची, ती वाकून बघायची आणि "चालू ठेवा" म्हणायची. शेवटी एकदा तिने बघितलं आणि ती बाजूला सरकली. मायला म्हणाली, "तुम्ही बघा." मायने वाकून पापणीखाली पाहिलं. मग तिने बाईचा हात हातात घेतला, तिचा अंगठा स्वतःच्या कपाळाला लावला. बाई ओशाळली. "मी एकदाच दाखवलं," ती म्हणाली. "केलं तुम्ही."

आम्ही निघालो तर ओसरीत एक बाई भांडत होती. शिरूर अनंतपाळकडून आलेली. तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांची पोर, अर्ध्या तोंडाला पट्टी. नवरा सुयांसाठी थांबू म्हणत होता आणि ही घरी निघाली होती. "थोबाड गेलंच पोरीचं. आता टोचून टोचून काय व्हनार? कोन करील तिला?" डॉक्टरीणबाईने समजावून पाहिलं, जिवाला धोका आहे म्हणून दरडावलंही. ती बाई ऐकेना. मग डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. "गिरिजा, दाखवशील का?"

ओढणी माझ्या नाकापर्यंत होती. मायने मला पुढे ढकललं नाही, काही सांगितलंही नाही. मी त्या बाईसमोर जाऊन बसले आणि ओढणी सोडली.

त्या बाईने आधी लांबून पाहिलं. मग बोट लावलं. रेघेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. "कुत्र्याचंच का?"

"हाव."

"लई दुखलं का?"

"लई," मी म्हणाले. "पन डोळा मिटतो."

"खरंच?"

मी डोळे मिटले. तिचं बोट माझ्या पापणीखाली आलं, फट शोधत कडेने फिरलं, पुन्हा फिरलं. तिची पोर मांडीवर मुसमुसत होती. बोट निघालं तरी मी डोळे उघडले नाहीत. "काय करावं लागतंय मला?" असं ती मायला विचारेपर्यंत मी ते तसेच घट्ट मिटून ठेवले.